सुरक्षाप्रमुख मीच

सोमवार, ३. सकाळी ९.
औषध कंपनीचं पत्र. वर्षभराच्या खोक्यांची ऑर्डर आपल्याला द्यायची म्हणतात. पण त्यांची डिझाइनं आपल्या कॉम्प्युटरवर राहणार, म्हणून आधी सुरक्षेची तपासणी. महिनाभरात कधीही, न सांगता. ऑर्डर आली तर दुसरं मशीन चालू राहील. नाही तर त्यावरची अकरा माणसं घरी. सुरक्षाप्रमुख म्हणून माझी एकमताने निवड. सभेला मी एकटाच होतो.

मंगळवार, ४.
कॉम्प्युटरवाल्याने चार गोष्टी लिहून दिल्या. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. रोज बॅकअप. कॉम्प्युटरच्या खोलीत परका माणूस नाही. नियम मालकापासून हमालापर्यंत सारखे. चौथी बहुधा नजरचुकीने लिहिली गेली असावी.

शुक्रवार, ७.
स्टाफपुढे भाषण. पन्नास मिनिटं. कोणी उठून गेलं नाही (दाराशी मी उभा). घरी हिलाही ऐकवलं. ही म्हणाली, आधी स्वतःचा पासवर्ड टेबलाच्या काचेखालून काढा. काढला. पाकिटात ठेवला.

बुधवार, १२.
मॅनेजरबाईंनी माझाच पासवर्ड बदलायला लावला. तासाभरात विसरलो. जुनाच परत द्या म्हटलं, तर नाही म्हणाल्या, पुन्हा नवा दिला. तो चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवला. बाई कामाला वाघ, पण दूरदृष्टी नाही.

गुरुवार, २०. दुपारी.
फाटकाशी वाद. प्रिंटर दुरुस्त करणारा आलेला. वॉचमन आत सोडेना. बाई म्हणाल्या, त्याच्या ऑफिसला फोन लागेपर्यंत बाकावर बसू दे. बिचारा उन्हात घामाघूम. मला माणूस डोळ्यांवरून कळतो. एवढा धंदा उगाच नाही उभा केला. दोघांना चार शब्द सुनावले. त्याला स्वतः खोलीत नेलं, चहा पाजला, कॉम्प्युटर उघडेना तेव्हा पाकिटातली चिठ्ठी वाचून पासवर्डही मीच घालून दिला. जाताना हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखी माणसं भेटतात म्हणून आमचं काम सोपं होतं."
गहिवरून आलं.

शुक्रवार, २१.
बाई म्हणतात, प्रिंटर बिघडलाच नव्हता. बोलावलं कोणी, तेही माहीत नाही. न बोलावता येऊन, न बिघडलेलं दुरुस्त करून, पैसे न घेता गेला. याला म्हणतात सेवा.

गुरुवार, २७.
रिपोर्ट आला. प्रिंटरवाला औषध कंपनीचाच माणूस. म्हणजे प्रामाणिकच निघाला. माझा अंदाज चुकत नाही. वॉचमन आणि बाईंचं भरभरून कौतुक. धोका एकच सापडला. त्याचा हुद्दा लिहिलाय, आणि कारखान्यात त्या हुद्द्याचा दुसरा कोणी नाही. ऑर्डर मंजूर, अट अशी की त्या व्यक्तीचा कॉम्प्युटरशी संबंध कायमचा बंद.
सही केली. अकरा माणसांचा प्रश्न होता.

शनिवार, २९.
घरून बाईंना फोन. नवी डिझाइनं एकदा डोळ्यांखालून घालायची होती, म्हणून पासवर्ड मागितला. नाही म्हणाल्या. म्हटलं, बाई, मी मालक बोलतोय.
"असं सगळेच सांगतात," म्हणाल्या आणि फोन ठेवला.
आवाज ओळखला होता त्यांनी. हसत होत्या.