सोललेले मटार

१२ जानेवारी
आज फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं. तळ्याकाठच्या केबिनची सहल यंदा होणार आणि जेवणाची सगळी जबाबदारी माझी. चौदा माणसं. पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे आले. मुलाने, म्हणजे धाकट्याने, नुसते हात जोडलेले पाठवले. म्हणजे विश्वास आहे.

गेल्या वर्षी सहल झाली नाही. हिचं आजारपण चाललं होतं. जूनमध्ये ही गेली. शेवटी शेवटी एकच सांगायची, "तळ्यावरचं मोडू देऊ नका." मी शब्द दिला आहे. एकदा शब्द दिला की उरतं ते फक्त प्लॅनिंग, आणि कारखान्यात माझा सगळा जन्म डिस्पॅच खात्यात गेला. माल वेळेवर पोचवणं मला कोणी शिकवायला नको.

१३ जानेवारी
हिच्याबद्दल वाईट लिहू नये. पण ही रोजनिशी कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. हिचं प्लॅनिंग शून्य. दरवर्षी केबिनवर पोतंभर मटारच्या शेंगा न्यायची. न सोललेल्या! दुकानात सोललेले मिळतात हे हिला माहीत नव्हतं असं नाही. मी दरवर्षी सांगायचो, ही दरवर्षी हसायची. मग पहिली अख्खी सकाळ सगळे व्हरांड्यात गोल करून शेंगा सोलत बसणार. मध्ये हिची मोठी परात. दाणे कमी, गप्पा जास्त. नातवंडांची शर्यत वेगळीच. ज्याच्या शेंगेत सगळ्यात जास्त दाणे, तो परतताना गाडीत पुढे बसणार. त्यावरून रडारड. जेवायला दुपार टळून जायची.

मी त्यात कधी बसलो नाही. घड्याळाकडे बघायला कोणीतरी लागतंच.

संकल्प: यंदा केबिनवर कोणाचा हातसुद्धा ओला होणार नाही. उघडा, गरम करा, वाढा.

१७ जानेवारी
भाज्यांच्या सूपची पहिली ट्रायल. करपलं. पातेल्याचं बूड पातळ आहे. शिवाय मधेच फोन आला.

१८ जानेवारी
दुसरी ट्रायल. खाली राहणाऱ्या शिंप्याला वाटीभर नेऊन दिलं. बराच वेळ विचार करून म्हणाला, पोट भरेल. कमी बोलणारा माणूस आहे, त्या मानाने ही तारीफच.

संकल्प: मीठ शेवटी घालायचं. आणि एकदाच.

२४ जानेवारी
थोरलीचा फोन. मुलगी माझी, पण स्वभाव हिचा. म्हणत होती, बाबा, सगळं आधी करून नेऊ नका, तिथे मिळून करू काहीतरी. आईसारख्या शेंगा नेऊ या का, असंही विचारलं. मी समजावलं, तुम्ही वर्षभर राबता, चार दिवस तरी सुटका हवी. ती नुसतं बरं म्हणाली. भरून आलं असावं. ठेवताना म्हणाली, निवांत बसू एकदा, बोलायचंय. म्हटलं, अगं, तिथे वेळच वेळ आहे, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

३१ जानेवारी
जुना फ्रीजर विकत घेतला. स्वयंपाकघरात मावेना, म्हणून मांडणी हलवली. परात माळ्यावर टाकली. तिचं यंदा काम नाही. चढताना खांदा लचकला. शिडीचा एक पाय आखूड आहे.

डब्यांवर लेबलं लावली: सूप, बीन्स, उकडलेले बटाटे, भात. मटारचेही दोन मोठे डबे. सोललेले, धुतलेले, गोठवलेले. बघून मन भरून आलं. हिला दाखवायला हवं होतं. हिने हसून डोक्याला हात लावला असता, पण दाखवायला हवं होतं.

२ फेब्रुवारी
धाकटा एक दिवस उशिरा येणार. ऑफिसचं काहीतरी. हरकत नाही, पहिल्या दिवसाचा लोड कमी.

६ फेब्रुवारी, केबिन
सगळं ठरल्याप्रमाणे! डबे उघडले, गरम केलं, वाढलं. एवढ्या माणसांचं जेवण झालं तेव्हा तळ्यावर अजून उजेड होता. या केबिनच्या इतिहासात असं घडलं नसेल. सगळे मोकळे झाले. मोकळे होऊन आपापल्या खोल्यांत गेले.

मेहुणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, नर्सच्या नोकरीतून रिटायर झाली तरी तिचे हात स्वस्थ राहत नाहीत. स्वयंपाकघरात येऊन भावोजी, काही निवडायचंय का, चिरायचंय का, विचारत होती. मी अभिमानाने मटारचा डबा काढून दाखवला. तिने तो थोडा वेळ दोन्ही हातांत धरला. मग परत ठेवला, म्हणाली, फार गार आहे. डोळे पुसत होती. कांदा तर मी घरूनच चिरून आणला होता.

७ फेब्रुवारी
सकाळी नाश्ता तयार. अंडी, ब्रेड, बटाटे. दोन-दोन, तीन-तीन करून येऊन खाऊन गेले. गर्दी नाही, गोंधळ नाही. व्हरांडा रिकामा. मी एकटाच बसलो होतो. तळं छान दिसत होतं.

धाकट्या नातीने येऊन विचारलं, आजोबा, शेंगा कुठे आहेत? सांगितलं, आता शेंगांची गरज नाही, डायरेक्ट दाणे आणलेत. ती म्हणाली, मग पुढे कोण बसणार? मी म्हटलं, वयाप्रमाणे बसा. तिने मान हलवली आणि मोबाइल घेऊन आत गेली. शहाणी मुलगी, लगेच पटलं तिला.

दुपारी सून आली, एकटीच. धाकट्याचं ऑफिसचं काम लांबलं म्हणे. सून मोबाइल घेऊन गाडीतच बसून होती, तिथे रेंज चांगली येते. डेंटिस्ट जावई झोपला. थोरली दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. दोन्ही वेळा मी डबे गरम करत होतो, म्हटलं, तू बाहेर जा, आराम कर. गेली.

एक आपलं आठवलं म्हणून लिहितो. धाकट्याने लग्न ठरवल्याचं याच व्हरांड्यात सांगितलं होतं, शेंगा सोलताना. जावयाने स्वतःचा दवाखाना काढायचं ठरवलं, तेही इथेच. हिच्या तपासण्यांचं तर हिने स्वतःच सांगितलं, मान खाली घालून, दाणे काढता काढता. मी तेव्हा आत घड्याळ बघत होतो. मला संध्याकाळी कळलं.

यंदा कोणी काही सांगितलं नाही. म्हणजे सगळ्यांचं ठीक चाललेलं असावं.

८ फेब्रुवारी
सगळे आजच निघाले. उद्याचं काम कोणाला चुकत नाही. शिवाय जेवणात काही अडकून पडायचं नव्हतंच. हाच तर सोप्या जेवणाचा फायदा. तक्रार एकाचीही नाही. निघताना प्रत्येकाने म्हटलं, बाबा, छान झालं सगळं. कोणी डबा मात्र बरोबर नेला नाही. मी आग्रह केला, पण गाड्यांत जागा नव्हती.

थोरली गाडीत बसताना परत उतरली. वाटलं काही विसरली. मला मिठी मारली आणि जाऊन मागे मुलांजवळ बसली. पुढची सीट रिकामी होती. मुलं सगळी मागे बसली होती.

११ फेब्रुवारी
घरी. फ्रीजर भरलेला. दुपारी सूप, रात्री सूप. चव खरं तर बरी आहे. पोट भरतं.

संकल्प: पुढच्या वर्षी प्रमाण कमी करायचं. आणि सगळ्यांना आधीच बजावायचं की चार दिवस म्हणजे चार दिवस. शिस्त नाही, दुसरं काही नाही.

१५ फेब्रुवारी
थोरलीचा फोन. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, जावयाला परदेशात दवाखाना मिळतोय. मुलांच्या यंदाच्या परीक्षा संपल्या की सगळे जाणार. कायमचे. तिकडून दरवर्षी येणं जमायचं नाही.

मी म्हटलं, एवढी मोठी गोष्ट फोनवर सांगतेस? तीन दिवस समोर होतीस.

ती म्हणाली, "तिथेच सांगणार होते, बाबा. तुमच्या शेजारी बसून सांगायचं होतं. पण बसायलाच कुणी नव्हतं."

बसायला जागा भरपूर होती. व्हरांडा अख्खा रिकामा होता. मी तसं म्हणालोही. मग ती रडायला लागली, आणि मी विचारलं, जेवलीस का?

१६ फेब्रुवारी
जेवलो नाही. पोट बिघडलं असावं. बीन्सचा डबा नीट गोठला नव्हता.

दिवसभर तेच डोक्यात. दोष माझा नाही. वेळेवर माल पोचवला, एक डबा फुटला नाही. यापेक्षा माणसाने काय करायचं? हिलाच विचारायला हवं. ही असती तर हसली असती आणि काही सांगितलंच नसतं.

शब्द दिला होता मी हिला.

१९ फेब्रुवारी
मेहुणीला फोन केला. विचारलं, ही मुद्दाम न सोललेल्या शेंगा आणायची का? ती म्हणाली, "भावोजी, ताईला मटार आवडतच नव्हते." मला वाटलं थट्टा करते आहे. मग आठवलं, ही दाणे नेहमी ताटाच्या कडेला सारायची. इतकी वर्षं बघत होतो. मला वाटायचं, जपून खाते आहे.

२२ फेब्रुवारी
सकाळी बाजारात गेलो. भाजीवालीने सोललेल्या दाण्यांची पिशवी पुढे केली, म्हणाली, काका, एकटे आहात, हे घ्या, सोपं पडेल. मी शेंगाच घेतल्या, पिशवीभर. शिंप्याने शिडी लावली, माळ्यावरून परात काढून दिली आणि दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून गेला. धाकट्याला फोन केला, संध्याकाळी येतोस का, शेंगा आणल्यात. म्हणाला, बघतो, बाबा. थोरलीकडे सामानाची बांधाबांध चालू आहे.

परात धुऊन जमिनीवर ठेवली. खुर्चीवरून हात पोचेना, म्हणून खाली बसलो. गुडघे दुखले. कशी सोलतात ते आधी कळेना. देठाकडून दाबली की आपोआप उघडते.

एक शेंग लांबलचक निघाली. नऊ दाणे. ओरडावंसं वाटलं. उघडी तशीच ओट्यावर ठेवली आहे, नात आली तर दाखवायला. येईपर्यंत वाळेल बहुतेक.

धाकटा आला नाही. अंधार पडला. परातीचा तळही झाकला नाही अजून. उरलेल्या शेंगा उद्या.

एकट्याला फार वेळ लागतो.