एल्डरमियर अँब्रोजला का देत नाही

मी, सिसिली वुल्व्हरकोट, एल्डरमियरचे दिवंगत लॉर्ड राल्फ यांची विधवा, वय एकोणसाठ, हे मृत्युपत्र स्वतः सांगून लिहवून घेत आहे. शरीर थकले आहे, बुद्धी शाबूत आहे. बळजबरी कोणी केलेली नाही. भीती मात्र आहे, आणि ती लपवणे मला जमणार नाही.

आत्मा देवाच्या हवाली. देह गावच्या चर्चमध्ये सासऱ्यांशेजारी पुरावा. पतीशेजारी पुरा, असे मला म्हणता येत नाही. सतरा वर्षांपूर्वी उत्तरेतल्या बंडात सामील झाल्याबद्दल त्यांचा शिरच्छेद झाला. देह आम्हाला मिळाला नाही. त्यांचा गढीवाडा, जमिनी, सगळे जप्त झाले. एल्डरमियरचे हे घर आणि मेंढ्यांची कुरणे तेवढी वाचली, कारण ती माझ्या वडिलांनी माझ्या नावे केली होती.

दीर सर बेव्हिस यांना काहीही देत नाही. त्यांनी सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिली. मला म्हणाले होते, "वहिनी, मी बोललो नसतो तर आपण सगळेच गेलो असतो." खरे असेल. तरी त्यांनी माझ्या अंत्यविधीला येऊ नये.

दासी ग्रिसेल हिला माझा पिसांचा बिछाना आणि तांबडी गाय. पती गेले त्या दिवशी हिने मला रश्शात बुडवलेला पाव बळेच भरवला होता.

आता घर. गेल्या मंगळवारी दरबारचा एक कारकून आला. माझा मुलगा अँब्रोज याच्याकडे कोण पाहुणे येतात, हे त्याने अगदी नम्रपणे विचारले. निघताना दिवाणखाना पावलांनी मोजला. "ऐसपैस आहे हो, बाईसाहेब," म्हणाला. पतीच्या वाड्यातही असाच एक जण पावले मोजून गेला होता. महिन्याभरात वाडा गेला.

मी मुलाला विचारले, "अँब्रोज, तू त्या पाहुण्यांच्या कुठल्या कागदावर सही तर केली नाहीस ना?"

"आई, आपल्या घराण्याला विचारल्यावाचून या देशात राजा बसला नाही की उठला नाही. आणि मी काय मेंढरं राखू?"

"राख. मेंढरं राखणाऱ्याचं डोकं जागेवर राहतं."

तो हसला. सहीबद्दल काय म्हणाला, ते मी इथे लिहवून घेत नाही.

म्हणून घर, कुरणे व चांदीची भांडी मी मुलगी मिलिसेंट, यॉर्कच्या लोकर व्यापाऱ्याची पत्नी, हिला देते. अँब्रोजला काही नाही. त्याच्या नावावर जे असेल ते एका निकालाने जाईल. मिलिसेंट, भाऊ दारात आला तर त्याला जेवायला वाढ, कुठून आलास हे विचारू नकोस.

आज सकाळी इथवरचे त्याला वाचून दाखवले. तो भडकला. "म्हणजे मी मेलोच असं धरून चाललीस तू!"

"तू जगावंस म्हणून चाललंय हे. एल्डरमियरचे घोडे आणि माणसं मिळतील म्हणून जे तुझ्याभोवती जमतात, त्यांना हे कळू दे. ते आपोआप पांगतील."

तो खिडकीशी गेला, रस्ता पाहून आला. मग टाक मागितला, संमतीची सही केली. अंगणात टापा वाजताच असा दचकला की कागदावर शाई सांडली. लहानपणापासून हा मुलगा कशालाच घाबरला नव्हता. आज घाबरला, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा मला जरा धीर आला. डाग कोणी खरवडू नये.

सही: सिसिली वुल्व्हरकोट
संमती: अँब्रोज वुल्व्हरकोट
साक्षीदार: लॅम्बर्ट फेन, गावचे धर्मगुरू, हंफ्री टोलर, कारभारी
एल्डरमियर, यॉर्कशायर, २ ऑगस्ट १५८६