नागीण रेघ ओलांडून गेली

ती. विजयमाला आत्याबाई,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार, पण एकाच हातानं. दुसऱ्याले पट्टी आहे. गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली काय? तू पहिले मले दिलेल्या किडनीचंच विचारशील (दिलेल्या वस्तूची एवढी चौकशी कोणी करत नाही), ते सांगतोच. आधी हाताचं ऐक.

निघालो आर्णीले, पोहोचलो केळापूरले (त्या गाडीत खिडकी रिकामी होती). तिथं दोस्त बाबारावच्या वावराच्या कुंपणाले बाभळीच्या फांद्या लावता लावता मनगटात काटा गेला. उपटला, विसरलो. मग तिथं गाठ आली, तिच्या वर दुसरी, मग तिसरी, अशा कोपराकडं रांगेनं, शाळेतली पोरं प्रार्थनेले उभी राहतात तशा. बाबारावची माय मानीबाई म्हणे, "नागीण आहे रे बाप्पा!" तिनं गेरू कालवून कोपराखाली आडवी रेघ मारली, का इथून पुढं जायचं नाही. सारं गाव पाहाले आलं. अन् गाठ निघाली रेघेच्या वर! मानीबाई माझ्यावरच उखडली, "तूच हात हालवला असशीन!"

ताप चढला तसा यवतमाळले दवाखान्यात भरती झालो. डॉक्टरीणबाईनं गेरू पुसला, पू तपासाले पाठवला, अन् निघाला नोकार्डिया. मातीतला जंतू आहे, आत्या. धडधाकट माणसाच्या सहसा वाटेले जात नाही. पण किडनी टिकावी म्हणून मी ज्या गोळ्या खातो, त्या अंगातल्या राखणदारांना झोपवतात, मग असे पाहुणे घुसतात. माझ्या खाटेपाशी शिकाऊ डॉक्टरांची गर्दी! एकीनं फोटो काढू का विचारलं, मी भांग पाडला; तिनं फक्त हाताचा काढला. तरी सांग, डॉक्टरांनी पुस्तक उघडून पाहावा असा रोग आपल्या घराण्यात कोणाले झाला? काकाले तर साधा मलेरिया झालता.

तुझा भाचा,
दीपराज

ता. क. जंतूसाठी किडनीच्या गोळ्या काही दिवस कमी कराव्या लागल्या. तेवढे दिवस मी तुझा फोन उचलला नाही. तू पोट कापून दिलेलं एका काट्यापायी घालवतो का काय, असं वाटे. कालचा रिपोर्ट चांगला आहे. हे पहिलेच लिहिलं असतं, तर तू हाताचं वाचलंच नसतं.

आणखी ता. क. सहा महिने औषध आहे, अन् एकाच घरी राहा, मातीत हात घालू नको, असं डॉक्टरीणबाईनं बजावलं. मी तुझा पत्ता देऊन बसलो. मले ठेवायचं नसेल तर नको ठेवू. पण किडनी माहेरपणाले येऊन राह्यली, तिच्यासोबत कोणी पाहिजे ना.