नऊ टोपल्यांची गोधडी

हॅमिल्टन, मार्च २०१७

प्रिय सुमती,

मी आधी कॅनडाला आलो आणि तू आठ महिने साताऱ्यात होतीस, तेव्हा तुला पत्रं लिहायचो. त्यानंतर आज लिहितोय. सहा वर्षं तू जे विचारत होतीस, त्याचं उत्तर मला या आठवड्यात मिळालं. ते तुझ्याखेरीज कुणाला सांगावं, सुचेना.

आपली ऋचा मला कनाटाला, लेकीच्या घरी न्यायचं म्हणतेय. पंचाहत्तरीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसणं पुरे म्हणते. घर विकायचं तर बेसमेंट रिकामं करायला हवं, म्हणून तू गेल्यापासून बंद असलेलं तुझं कपाट उघडलं. सतरा गोधड्या निघाल्या, आणि सगळ्यांवर टोपल्याच! चार तू शिवलेल्या, बाकीच्या ठिकठिकाणच्या जुन्या वस्तूंच्या सेलमधून गोळा केलेल्या. त्रिकोणी तुकडे जोडून केलेली टोपली, वर कापडाची पट्टी वळवून शिवलेली कडी. आयुष्यभर कारखान्यात पोलादाची मापं घेतली, पण एका टोपलीला किती तुकडे लागतात ते गेल्या महिन्यात पहिल्यांदा मोजलं.

टोपल्याच का गं? फुलं असतात, चांदण्या असतात, घरंसुद्धा असतात म्हणे. मी कधी विचारलं नाही, हे माझं चुकलं. पण तूही आपणहून कधी सांगितलं नाहीस, हे काही बरं केलं नाहीस.

प्रत्येक गोधडीच्या मागे, कोपऱ्यात, तू पांढऱ्या कापडाची चिठ्ठी शिवलीयस. कुठे मिळाली, कुणी केली. तेही मराठीत. इथे ते कोण वाचणार होतं? माझ्यासाठीच लिहीत होतीस का?

एक गोधडी लहान होती, नऊच टोपल्यांची. तिच्यामागे लिहिलं होतंस, ‘शिवणारीचं नाव कळलं नाही. एडनाला पुन्हा विचारायचं.’

एडना तुमच्या मंगळवारच्या शिवणगटातली सगळ्यात थोरली, एवढं मला ठाऊक होतं. इतकी वर्षं तुला चर्चच्या दाराशी सोडलं आणि गाडीत रेडिओ ऐकत बसलो. या मंगळवारी मात्र गोधडी घेऊन आत गेलो. लांब टेबल, भोवती दहा-बारा बायका, मध्ये एका लाकडी चौकटीवर ताणलेली गोधडी. तुझी खुर्ची त्यांनी तशीच ठेवली आहे.

मी एडनाला तुझी चिठ्ठी इंग्रजीत करून सांगितली. ती मला बाजूला घेऊन गेली आणि म्हणाली, “ही माझ्या बहिणीनं शिवली. मार्थानं.”

मार्थानं ती पहिल्या बाळासाठी शिवली होती. बाळ जगलं नाही. ती गोधडी तिच्या नजरेस पडू नये, म्हणून मार्था हॉस्पिटलमधून येण्याआधीच एडनानं ती चर्चच्या सेलमध्ये देऊन टाकली. घरी आल्या आल्या मार्थानं तीच मागितली. एडना म्हणाली, मला माहीत नाही. ते ‘माहीत नाही’ पन्नास वर्षं चाललं. तू कुणाच्या तरी अंगणातल्या यार्ड सेलमधून तीच गोधडी आणून तिच्यासमोर पसरलीस, तेव्हा तिनं ती लगेच ओळखली होती. तरी तुलाही सहा वर्षं तेच उत्तर दिलं.

“सुमतीला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“तिनं ती तिथल्या तिथे माझ्या हातात दिली असती,” एडना म्हणाली. “मग मला मार्थाकडे जावं लागलं असतं.”

मार्था ग्वेल्फला म्हाताऱ्या माणसांच्या एका नर्सिंग होममध्ये असते. मी म्हटलं, माझ्या गाडीला विंटर टायर्स आहेत, उद्या जाऊ. नको म्हणेल असं वाटलं होतं. तिनं फक्त किती वाजता ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्वेल्फला पोचलो. मार्था खिडकीशी बसली होती. एडनानं गोधडी तिच्या मांडीवर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मी बाहेर जायला निघालो, तर एडनानं माझा कोट धरून ठेवला.

मार्था ओरडली नाही, रडलीही नाही. एकेका टोपलीवरून बोट फिरवत गेली आणि खालच्या रांगेत थांबली. “ही माझी नाही.”

मी वाकून पाहिलं. तुझ्या खणाच्या चोळीचं कापड होतं ते, सुमती. फाटलेल्या टोपलीच्या जागी तू आपली टोपली बसवलीस, आणि मला पत्ताच नाही! मी मार्थाला ते सांगितलं. ती म्हणाली, टाके चांगले बारीक आहेत.

मग बहिणीकडे वळून ती शांतपणे म्हणाली, “बाळाची म्हणून माझ्याकडे ही एवढीच वस्तू होती, एडना.”

एडना पलंगाच्या कडेवर बसली. मार्थानं तिला खुर्ची जवळ ओढून घ्यायला सांगितलं.

गोधडी तिथेच ठेवली. तुझी चिठ्ठी मार्थानं काढू दिली नाही; तिच्यासमोरच मी चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं, मराठीत.

निघताना तिनं विचारलं, तुमची बायको कशी होती? मी म्हटलं, शिस्तीची होती, भाजीत मीठ कमी घालायची. आणखी काही सुचेना. तेवढ्यात एडना म्हणाली, सुईत दोरा ओवताना ती गाणं गुणगुणायची, आणि अरविंद चष्मा कसा शोधतो त्याची नक्कल करून आम्हाला हसवायची. खरंच करायचीस? माझ्यासमोर कधी केली नाहीस ती!

परत आल्यावर ऋचाला फोन केला. घर यंदा विकायचं नाही म्हटलं. ती जरा रागावली आहे, समजेल तिला.

मी दर मंगळवारी त्या बायकांकडे जाणार आहे. एकेकीजवळ बसून विचारणार, सुमती तुमच्याशी काय काय बोलायची? त्यांच्यापाशी तू जेवढी आहेस, तेवढी सगळी ऐकून घेईन. हा माझा शब्द.

तुझा,
अरविंद