तुमच्या बंधुराजांची सूर्यचूल

ती. वन्संना नमस्कार. गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक, म्हणजे मी ठीक. तुमच्या बंधुराजांनी सूर्यचूल केली आहे, त्यामुळे घराबद्दल एवढ्यात काही सांगता येत नाही.

घड्याळांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन तीन महिने झाले आणि कुठल्याशा मासिकात यांना एक चित्र दिसलं. म्हणाले, उद्यापासून गॅस बंद. (गॅस पेटवतात कसा हे त्यांना अजून ठाऊक नाही, पण बंद.) मोठ्या खोक्यात लहान खोकं ठेवलं, मधल्या जागेत माझी लोकर कोंबली. (अर्धा स्वेटरही कोंबला, सुयांसकट. तो तुमचा होता, तेव्हा यंदा थंडीचं तुमचं तुम्ही बघा.) आतून चकचकीत कागद चिकटवला, माझ्या चांगल्या डब्याला काळा रंग फासला. वर काच हवी, तर मामंजींच्या फोटोची काढली. मामंजी सध्या उघड्यावर आहेत. मी रोज फडक्याने पुसते, आणि मुलगा असा निघेल असं त्यांनाही वाटलं नसावं हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

मग गच्चीवर चाचणी. पहिल्या दिवशी खोकं किती तापतं ते बघायला आत तापाचं थर्मामीटर ठेवलं. ते बेचाळीसपर्यंत गेलं आणि फुटलं. तेव्हापासून आमच्याकडे कुणाला ताप येत नाही, आला तरी कळत नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात चार बटाटे ठेवले आणि दर पंधरा मिनिटांनी खोकं उन्हाकडे फिरवत बसले. बारा वाजेपर्यंत खोक्यापेक्षा यांचंच डोकं जास्त तापलं, म्हणून मी त्यांना बळेच खाली पाणी प्यायला पिटाळलं. वर येऊन झाकण काढतात तो काय, बटाटे शिजलेले! साल नुसत्या बोटाने निघत होती.

तेव्हापासून यांना आभाळ ठेंगणं झालंय. पोस्टमनलासुद्धा जिन्यात थांबवून काचेचा कोन समजावतात. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, या खोक्यात फार तर मांजर झोपेल. झालं, यांनी रविवारी दुपारी सगळ्या इमारतीला गच्चीवर बोलावलं, आणि झाकण डॉक्टरांनीच उघडायचं असं वर ठरवून आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाकी क्षेम. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची भावजय

ता. क. बटाटे मी उकडले होते. कुकरमध्ये, तीन शिट्ट्या. हे पाणी प्यायला गेले तेवढ्यात पदराखालून नेऊन बदलले. यांचे नुसते कोमट झाले होते. वन्सं, तीन महिने हा माणूस खिडकीशी बसून होता, पुढ्यात ताट आलं तर जेवायचा. तो बटाटा सोलताना हसला. मग माझ्याने खरं सांगवलं नाही.

ता. क. दुसरा. म्हणून शनिवारीच या. रविवारी साडेबाराला यांना आणि डॉक्टरांना जिन्यात दहा मिनिटं अडवून ठेवा. गुडघ्यांबद्दल बोला, अर्धा तास सहज निघेल. चार लोकांत यांची शोभा व्हायला नको.

ताई, हे पत्र पेटीत टाकायला हिने माझ्याकडेच दिलं. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. (चिकटलं होतं.) मी जन्मभर घड्याळाचे स्क्रू मोजले. डब्यात बटाटे ठेवले चार, निघाले पाच. तरी तू ये. डॉक्टरांना मी बघतो, तू जिन्यात उभी राहा, हिला बटाटे बदलताना कुणी पाहायला नको. मला कळलंय हे हिला कळू देऊ नकोस. फक्त या खेपेला बटाटे मोजायला सांग.