एकोणीस मातकट मासे

ता. ३ मार्च

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रीतीपुरते. तुझं पत्र मिळालं. शिकारी माशाच्या टाकीची काच फुटली म्हणून तू त्याला माझ्या रंगीत माशांत सोडलंस, आणि वर लिहितोस की सगळे गुण्यागोविंदाने राहतील. चांगलेच दिवे लावलेस. किती उरले ते मोजून कळव.

ओढ्यातून आणले तेव्हा ते सगळे मातकट होते. ओढ्यात जो चमकतो तो आधी गिळला जातो. उरतात मातकट, आणि पिल्लं त्यांचीच होतात. मी त्यांना शिकारी नसलेल्या टाकीत ठेवलं. तिथे माद्या चमकणारे नर निवडू लागल्या आणि नऊ वर्षांत पिढीमागून पिढी नारिंगी, निळी, ठिपक्यांची होत गेली. जिवांत एवढी विविधता येते कुठून, याचा माझा सगळा पुरावा त्या टाकीत पोहत होता. तो तू खाऊ घातलास.

लोभ असावा असं लिहितात. सध्या नुसता राग आहे.

तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मोजले. एकशेचाळीसांतले एकोणीस उरले, सगळे मातकट. खडीवर बसले की मलाही दिसत नव्हते, शिकाऱ्याला काय दिसणार. त्याला आता मोठ्या पिंपात ठेवलंय.

परगावी जाताना तू दोन पानं सूचना लिहून गेलीस. पाणी किती कोमट, खाणं किती चिमटी, दिवा किती तास. शिकारी त्यांच्यात सोडू नकोस, ही ओळ त्यात नाही. नऊ वर्षं मी टाक्या धुतल्या आणि मला वाटायचं, ताईला रंगीत मासे आवडतात. कारण आत्ता कळलं, तेही बोलणी खाताना. फळी कुठे बसणार ते न सांगता सुताराला कापायला लावलं, तर माप चुकणारच. मासा फरशीवर तडफडत होता, मी हाताची घडी घालून उभा राहायचं होतं का?

राग मलाही येतो, एवढं ध्यानात असावं.

तुझा ठोक्या

ता. १९ मार्च

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

सूचनांची माझ्याकडची प्रत काढली. ती ओळ नाही. तुला सगळं माहीत आहे असं मी धरूनच चालले, आणि सांगितलं कधीच नाही. माझाच मला संताप आला. म्हणून तुझ्यावरचा कमी झालाय असं समजू नकोस.

निवृत्तीला नऊच वर्षं उरलीत. त्या एकोणिसांत कुठेतरी थोडा रंग दडलेला असेल तरच पुन्हा काही उगवेल. नसेल तर माझं काम संपलं. मी येईपर्यंत तू नुसती टाकी धुवायची नाहीस. कोणत्या पिल्लावर पहिला ठिपका उमटतो ते बघायचं आणि वहीत लिहायचं. शोधनिबंध झालाच तर त्यावर नावं दोन असतील. नाही म्हणायची सोय नाही.

कळावे. लोभ उरला आहे तेवढ्यातून वाढवावा.

ताई