टाकी नंबर दोनची गोडी

धनगरमाळ, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर
१३ एप्रिल २०२५

प्रिय सम्राट,

दादाचा भरभरून आशीर्वाद. इथं सगळी खुशाल हायत. तुझी वहिनी बरी हाय. पूर्णिमाची दहावी संपली, आता ती दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसती. तू तिकडं टास्मानियात गारठ्यात दुसऱ्याची द्राक्षं तोडतोयस आणि आम्ही इथं घामानं भिजतोय. शिकायला गेलायस, शीक बाबा.

तू म्हणालास, "दादा, फोनवर तू नुसता ओरडतोस. चव सांगायची सोडून गावभर फिरून येतोस. पंधरा दिवसांनी एकदा तिन्ही टाक्यांतल्या वाइनची चव कागदावर लिही, पूर्णिमा फोटो काढून पाठवेल." घे मग. शुद्धबिद्ध मागू नको. बोलतो तसं लिहिणार.

सकाळी नऊ. पोट रिकामं, तोंडात तंबाखू न्हाय. टाकी एक: वासाला करवंद, पिकायच्या आधीचं, देठाला चीक असतोय तसलं. जिभेच्या कडा ओढून धरती. थुंकल्यावर जांभळाची साल चावल्यागत तुरटपणा बराच वेळ राहतोय. टाकी तीन: तशीच, पण पातळ, चहात दुसऱ्यांदा पाणी घातल्यागत. टाकी दोन, म्हणजे वडगावच्या बाजारातनं जुना घेतलेला तो दुधाचा कुलर, त्यातली सगळ्यात झकास. आंबट हाय पण भांडत न्हाय. माळावरच्या जानेवारीतल्या थंडीनं द्राक्षाला आंबटपणा राहतोय, हे तुझं म्हणणं मी आता मानलं. तवा मी हसलो होतो.

आणि माझ्या जिभेवर शंका घेऊ नको. बाबांच्या गुऱ्हाळावर काहिलीतला पाक चाखून, आता उतरवा म्हणून सांगणारी जीभ हाय ही. गुळात मूठभर साखर मिसळली तरी मला डोळं झाकून कळती. पंचक्रोशीतली माणसं ढेप घेऊन माझ्याकडं येत होती, आठवतंय नव्हं?

गुंडूलाही चाखायला बसवतो. ज्यानं चाळीस वर्षं आपल्या चुलवाणाला जाळ घातला तो आता तुझ्या टाक्या धुतोय. थुंक म्हटलं तर म्हणतो, "थुंकायला ही काय तंबाखू हाय व्हय, विजादा? देवानं गळा कशाला दिलाय?" मी थुंकतो, तो गिळतो. दोघांचं मत मात्र एकच, टाकी दोन.

एक बारकी गोष्ट. कुलरच्या भिंतीच्या आतनं जे थंड करायचं औषध फिरतंय ते जरा खाली गेलतं. पुण्याचा माणूस म्हणाला, नवीन यायला दहा दिवस लागतील. दहा दिवसांत तुझ्या वाइनचा काढा झाला असता. मी बघितलं त्याचं. काळजी करू नको.

तुझा दादा

•

धनगरमाळ
७ मे

प्रिय सम्राट,

आशीर्वाद. पंधरा दिवसांचे चोवीस झाले, मान्य. लग्नसराई हाय, रोज एक अक्षता. शिरोळच्या लग्नात तर जेवणाला रांग बघून मी तसाच परत आलो.

खबर चांगली हाय. कोल्हापूरचे हॉटेलवाले अमरसिंह येऊन गेले. तिन्ही टाक्यांतला एकेक घोट चाखला, आपल्यासारखं थुंकून. टाकी दोनला मान हलवत राहिले. म्हणाले, "पाटील, आंबट लाल वाइन आमच्या गिऱ्हाईकाला चालत न्हाय, पण ही चालेल. हिच्यात गोलाई हाय." २५ तारखेला चार जाणकार माणसं घेऊन येणार हायत. सगळी टाकीच उचलतो म्हणाले. तीन वर्षं गावानं तुला येडा म्हटलं, आता त्यांची तोंडं बघण्यासारखी झालीत.

आता चव. एक आणि तीन जिथल्या तिथं. टाकी दोन मात्र गोड व्हायला लागली. दर आठवड्याला जरा जास्त. आधी करवंद येतंय, आंबट येतंय, ते सरलं की मागनं गोडी येती आणि तेल लावल्यागत घशाला बसती. तू जाताना मशीन लावून म्हणालास की साखर संपली, आता ही गोड होणार न्हाय. मग झाली कशी? तुझं मशीन चुकलं म्हणायचं.

पण खरं सांगतो, ही गोडी द्राक्षाची न्हाय. गुळाची न्हाय, साखरेचीबी न्हाय. कशाची ते मला सांगता येईना. गोडी ओळखता आली न्हाय असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

गुंडू त्याच्यावर खूश हाय. काम आटोपलं की रोज दोन ग्लास. मी दटावलं तर म्हणतो, "चव बदलत्याय नव्हं, कुणीतरी रोज बघाय नको?" घेऊ दे. त्याच्या हातनं तुझ्या टाकीला कधी डाग राहिला न्हाय.

कुलरचं औषध परत खाली गेलं. आजवर पाच डबे रिचवले. जातंय कुठं तेच कळंना. टाकीखाली जमिनीवर हात फिरवून बघितला, खडखडीत कोरडी. गुंडू म्हणतो भूत पितंय. काय घातलं म्हणून मागच्या वेळी विचारलंस. औषधच घातलं. तुझ्या दादाला काय अक्कल न्हाय व्हय?

तुझा दादा

•

धनगरमाळ
११ मे, रविवार

प्रिय सम्राट,

तुझे सतरा मिस्ड कॉल बघितले. मेसेजही वाचले. लग्नात होतो, मग कोल्हापुरात होतो, म्हणून उचलला न्हाय. रागावू नको.

तू लिहिलंस की टाकीच्या आतल्या भिंतीला भोक पडलं असणार, औषध वाइनमध्ये उतरत असणार, टाकी दोन ताबडतोब बंद कर, कुणी थेंब घ्यायचा न्हाय. गुरुवारीच बंद केली. तोटीला कुलूप लावलं. गुंडू हिरमुसला, पण ऐकलं त्यानं.

तू हेबी लिहिलंस की आपलं औषध खाण्यापिण्याच्या कारखान्यातलं असतंय, वाइन वाया गेली तरी त्यानं माणसाला इजा होत न्हाय. हे वाक्य मी चारदा वाचलं.

डब्याचा फोटो मागितलास. डबा फेकून दिला. भंगारवाला घेऊन गेला.

गुंडूला बरं न्हाय. शुक्रवारी सकाळी कामावर आला तो झोकांड्या खात. आदल्या दिवशी घोटभर घेतली नव्हती, तरी जीभ जड. मग उलट्या, कंबर धरून बसला, लघवी होईना. काल त्याला कोल्हापूरला दवाखान्यात नेला. धोंडुबाई नवऱ्याजवळ बसून हाय. वॉर्डात सगळे म्हणाले, दारूनं खाल्लं. पावणेरावळे आले तेबी तेच म्हणाले. डॉक्टरीण बाई तरुण हायत, हुशार हायत. त्यांनी बरंच काय काय विचारलं. मी सांगायचं ते सांगितलं.

पूर्णिमा दोन दिवस जेवत न्हाय. उन्हाळा बाधला असंल.

या वेळी चव लिहीत न्हाय.

दादा

•

कोल्हापूर, दवाखाना
१४ मे, बुधवार

सम्राट,

हे पत्र पूर्णिमाकडं दिलं न्हाय. फोटो मीच काढला. वाकडा असंल, वाच.

गुंडू आज सकाळी साडेदहाला गेला.

मी कुलरमध्ये ट्रॅक्टरचं कुलंट घातलं. रेडिएटरमध्ये घालतात ते. रंग तसाच, डब्यावर कुलंट लिहिलेलं, काम थंड करायचं. ट्रॅक्टरचं इंजिन थंड होतंय तर दूध-वाइनचं काय घेऊन बसलायस, असं वाटलं मला. तू जाताना बजावलं होतंस की कुलिंगला हात लावायचा न्हाय, काय कमी पडलं तर आधी मला विचार. बारक्या भावाला काय विचारायचं? पाच डबे घातले. भिंतीतनं गळून गळून ते सगळं वाइनमध्ये गेलं आणि वाइनमधनं गुंडूच्या पोटात. ती गोडी त्याची होती.

डबा भंगारात गेला न्हाय. ट्रॅक्टरच्या मागं पोत्याखाली होता. तू फोटो मागितलास म्हणून शुक्रवारी पूर्णिमा शेडमध्ये गेली आणि तिनं मागची बारीक इंग्रजी अक्षरं मला वाचून दाखवली. विष. चवीला गोड. पोटात गेल्यास डबा घेऊन ताबडतोब डॉक्टरांकडं जा. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मी म्हटलं, फोटो पाठवायचा न्हाय आणि कुणाला बोलायचं न्हाय. तवापासनं ती माझ्याशी बोलत न्हाय.

म्हणजे मला शुक्रवारीच कळलं होतं. हे नीट वाच, चुकून झालं म्हणून मला सोडवू नको. कुलंट घातलं ती चूक. पुढचं चूक न्हाय.

शनिवारी डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "यांच्या लघवीत बारीक स्फटिक दिसतायत, हे नुसत्या दारूनं होत नाही. दुसरं काही पोटात गेलंय का? औषध, फवारणीचं काही, काहीही. आठवून सांगा." गुंडू तिथंच खाटेवर होता, शुद्धीत. धोंडुबाई माझ्याकडं बघत होती, कारण मी शिकलेला, मी मालक. मी म्हटलं, "न्हाय ओ बाई. पितोय लई, एवढंच." गुंडूनं ऐकलं. मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "व्हय बाई, जरा जास्तच झाली." त्यानं माझी लाज राखली रे. कशाची राखतोय ते त्याला ठाऊक न्हवतं.

का खोटं बोललो? तुझी वायनरी बुडंल म्हणून. २५ तारखेला माणसं येणार म्हणून. हे मी दोन दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं हाय पण सगळं न्हाय. ज्याच्या जिभेला सगळा मुलूख मानत होता, त्यानं महिनाभर विष चाखून 'झकास' म्हणून लिहून पाठवलं, हे लोकांना कळंल याची मला जास्त भीती वाटली. आणि जिभेला तर कळलं होतं. ही गोडी ओळखीची न्हाय म्हणून मीच तुला लिहिलं. मी तिचं ऐकलं न्हाय, आणि मग जे विचारलं त्याचं उत्तरबी दिलं न्हाय.

सोमवारी सकाळी जिन्यात धोंडुबाईनं मला गाठलं. हात जोडले. म्हणाली, "भावजी, ह्येच्या पिण्यापायी तुमच्या नव्या धंद्याला बट्टा लागला. चोरूनबिरून पिला असंल तर माफी करा. सम्राटभावजींना सांगू नगा, त्येंचा लई जीव हाय ह्येच्यावर." तसाच मोटारसायकलीवर घरी गेलो, पोत्याखालचा डबा काढला आणि डॉक्टरीण बाईंच्या टेबलावर आणून ठेवला.

त्या ओरडल्या न्हाईत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डबा फिरवून वाचला, नर्सला पळवलं, फोन लावले, रक्त धुवायच्या मशीनला लावलं. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "याला उतारा आहे हो. शनिवारी सांगितलं असतंत तर बहुतेक घरी गेला असता हा माणूस." एवढंच म्हणून आत गेल्या.

दोन दिवस मी काचेबाहेर उभा होतो. काल दुपारी जरा डोळं उघडले तवा मला आत सोडलं. मी सगळं सांगितलं, कानाशी तोंड नेऊन. त्याला कळलं का न्हाय ते मला सांगता यायचं न्हाय.

पोलिसांना जबाब दिलाय. टाकी दोनला त्यांनी सील लावलं. तू घालून गेलेलं औषध बरोबर होतं, तुझा यात काय दोष न्हाय, हे मी माझ्या हातानं लिहून सही केली. अमरसिंहांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि का तेबी सांगितलं. एक आणि तीनमधली वाइन चांगली असंल, पण तपासल्याशिवाय कुणाला देऊ नको. माझ्या जिभेवर तर मुळीच जाऊ नको. तू ये, पण धावत येऊ नको, इथं आता वाचवायला कुणी न्हाय.

एक काम उरलंय. धोंडुबाईला अजून वाटतंय की तिचा नवरा दारूनं मेला. समोरच्या बाकड्यावर बसली हाय, आल्यागेल्याला तेच सांगती, खाली मान घालून, जणू गुन्हा तिनंच केलाय. पोलीस सांगतील, पण त्यांच्या आधी मी सांगणार. चुलत्यामालत्यांसमोर, मोठ्यानं, जसा मी सगळं बोलतो तसं. ती काय करंल ते तिच्या मर्जीवर. चप्पल काढली तर मी हलणार न्हाय.

कागद संपत आला. उठतो.

विजयसिंह
(दादा म्हणायचं का न्हाय ते आता तुझं तू ठरव.)